गाठ दुखत नाही, रक्त थोडंच जातंय, मग थांबू का? कॅन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी प्रश्न खूप आलेत, सगळे घेता येणार नाहीत. निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, काहीतरी दिसलंय, कुणीतरी काहीतरी सांगितलंय, आणि तपासणी अजून झालेली नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला १४ लाखांवर नवे कॅन्सर पेशंट आणि ९ लाखांवर मृत्यू होतात. एवढे मृत्यू आजार फार वाईट म्हणून होतात असं लोकांना वाटतं. पण मराठवाड्यात काम करताना मला जे दिसतं ते असं की पेशंट आमच्यापर्यंत पोचतो तोवर आजाराने बरीच वाट चाललेली असते. मधले महिने कुठे जातात ते खालच्या प्रश्नांतच दिसेल.

प्रश्न: गाठीला सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं का? (वाचक, परभणी)

नाही. बायोप्सी नीट जागी, नीट पद्धतीने केली तर त्याने आजार पसरत नाही, आणि बायोप्सीशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर कॅन्सरचं औषध सुरू करत नाही. पसरतो तो ती टाळण्यात गेलेल्या दिवसांत.

प्रश्न: सासूबाईंना कॅन्सर झालाय. त्यांचं ताट, तांब्या वेगळा ठेवायचा का? लहान मुलं घरात आहेत. (वाचक, नांदेड)

अजिबात नाही. एका ताटात जेवा, नातवंडांना मांडीवर बसू द्या. केमो चालू असताना मात्र घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने त्यांच्यापासून लांब राहावं, कारण तेव्हा संसर्गाचा धोका त्यांना असतो, तुम्हाला नाही.

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे. कॉलेजपासून खर्रा खातो, दिवसाला चार-पाच पुड्या. आता तिखट लागलं की तोंडाची आग होते आणि पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. मित्र म्हणतो उष्णता आहे, बी-कॉम्प्लेक्स घे. गुटखा मी खात नाही, खर्ऱ्यात तर नुसती सुपारी, चुना आणि थोडा तंबाखू असतो. (वाचक, चंद्रपूर)

उष्णता नाही ही. आत्ता आरशासमोर उभा राहा आणि तुझी स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघ. जात नसतील तर तुझ्या गालाच्या आतलं कातडं ताठ व्हायला लागलंय, याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. सुपारी नुसती असली तरी ती कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूशिवायच्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकलं. त्यामुळे "नुसती सुपारी" हे वाक्य मनातून काढून टाक. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि बंदी आल्यावर बऱ्याच पोरांनी ताजा घोटलेला खर्रा आणि मावा धरला, कारण तो पानठेल्यावर डोळ्यासमोर बनतो म्हणून शुद्ध वाटतो. शुद्ध काही नाही त्यात, सुपारी तीच आणि तंबाखू तोच.

खर्रा आजपासून बंद कर, कमी नाही, बंद. एकट्याने जमत नसेल तर तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाईन आहे, १८०० ११ २३५६, फोन फुकट लागतो. आणि या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सा विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात तोंड दाखव. पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, हलणारा दात, गळ्यात गाठ, यातलं काहीही असेल तर तुकडा तपासायला लागेल. कुणी नुसतं तोंडात लावायचं मलम देऊन महिनाभराने या म्हणालं तर दुसरीकडे दाखव. २६ व्या वर्षी कॅन्सर होत नाही असं तुला वाटत असेल तर आमच्या वॉर्डात तुझ्या वयाची मुलं आहेत, नळीने जेवतात.

प्रश्न: साखर, गूळ, दूध पूर्ण बंद केलं तर कॅन्सरची गाठ उपाशी मरते, असा व्हिडिओ बघितला. वडिलांचं सगळं बंद केलंय, वजन नऊ किलो उतरलंय. (वाचक, लातूर)

गाठ मरत नाहीये, वडील खंगत चाललेत. आजच जेवण सुरू करा, अंडं, डाळ, दूध, शेंगदाणे, जे आवडेल आणि पचेल ते. डायबेटिस असेल तर त्याचा हिशोब डॉक्टरांना विचारून ठरवा. नऊ किलो वजन गेलंय हे पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, डोस वजनावर ठरतो.

प्रश्न: आमच्या गावात एका लॅबने कॅम्प लावलाय. २९९९ रुपयांत "संपूर्ण कॅन्सर तपासणी", फक्त रक्तातून, बारा मार्कर. बायकोचं आणि माझं करून घेऊ का? दोघांना काही त्रास नाही. (वाचक, जालना)

नका करू. सहा हजार वाचवा.

रक्तातून कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ, बघायची पद्धत आहे, पण बहुतेक मार्कर निदान झालेल्या पेशंटचं औषध लागू पडतंय का हे बघायला असतात. धडधाकट माणसाचं सीए-१२५ किंवा सीईए (हे असेच दोन मार्कर) करून काय मिळतं? पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, टीबीत सीए-१२५ वाढतं, सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए वाढलेलं असू शकतं. मग आकडा लाल अक्षरात छापून येतो, घरात रडारड होते, आणि त्याच लॅबच्या ओळखीतल्या सेंटरवर सीटी होतो, पेट-सीटी होतो, पंधरा-वीस हजार जातात आणि निघत काही नाही. दुसरी बाजू याहून वाईट. आकडे नॉर्मल आले की बाई म्हणते माझं तर सगळं क्लिअर आहे, आणि छातीतली गाठ दाखवायला वर्षभर येत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये छातीचा, तोंडाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा हे तीन येतात, आणि यातला एकही या मार्करांनी वेळेत सापडत नाही. तो सापडतो बघून आणि हाताने तपासून, आणि तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे. गावात माईक लावून फिरणाऱ्या कॅम्पवाल्याला विचारा, तुमच्याकडे तोंड बघणारा, छाती तपासणारा डॉक्टर आहे का. नसेल तर तिथे तपासणी नाही, फक्त विक्री चालू आहे.

प्रश्न: आई ५६ वर्षांची, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. दोन महिन्यांपासून मधूनमधून लाल जातंय, कधी अंगावरून वास येणारं पाणी. कंबर दुखते. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, ते म्हणाले पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका, चाळीस हजार. आई-वडील ऊसतोडीला जातात. कारखाना सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकून घ्यावं असं सगळ्यांचं मत आहे. काय करू? (वाचक, जि. बीड)

ताई, ऑपरेशनची तारीख थांबवा आणि तपासणीची तारीख उद्याची धरा. दोन्ही गोष्टी एकदम करा, ऑपरेशन थांबवून घरी बसलात तर ते त्याहून वाईट होईल.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी तो तपासायचा असतो, यात दुसरं मत नाही. प्रत्येक वेळी कॅन्सरच निघतो असं नाही, बऱ्याच जणींना कोरडेपणा असतो, साधी गाठ असते, पण बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. आता तुमच्या पत्रात मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मिळाली नाही. आईला टेबलवर झोपवून, आतून स्पेक्युलम (आत बघता यावं म्हणून घालायचं उपकरण) घालून पिशवीचं तोंड कुणी डोळ्यांनी बघितलं का? तुकडा घेतला का? सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर दिसत नाही. "सूज आहे" हे निदानच नाही, मी असे कितीतरी कागद बघते ज्यावर एवढाच शब्द असतो आणि खाली ऑपरेशनचा खर्च.

बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली, ८२ हजारांवर बायका, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या, त्यात अगदी तरुण बायकाही होत्या. खाडा झाला की दंड, फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, अंगावरून जाणं नेहमीचंच, मग बाई दवाखान्यात जाते आणि तिला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावतात. ज्या बाईला कॅन्सर नव्हता तिची पिशवी गेली, सोबत अंडाशयं काढली असतील तर पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि ती ऑपरेशनसाठी काढलेली उचल फेडत बसते.

आणि जिला खरंच कॅन्सर असतो तिचं काय होतं? हे फार कमी लोक बोलतात. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर असताना तो न ओळखता साधं ऑपरेशन करून पिशवी काढली तर कापणी आजारातूनच होते. आजूबाजूची जागा, गाठी तशाच राहतात. त्यानंतर ती बाई आमच्याकडे येते तेव्हा जो उपचार पहिल्याच वेळी सरळ झाला असता तो अवघड झालेला असतो. त्यात काढलेली पिशवी बऱ्याचदा तपासायला पाठवलेलीच नसते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पिशवी काढली असेल तर तिचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागा, तो तुमचा हक्क आहे, "सगळं ठीक होतं" हे तोंडी उत्तर चालणार नाही.

मला याचा राग येतो कारण हा कॅन्सर इतका हळू चालणारा आहे की त्याला पकडायला दहा-पंधरा वर्षं हातात असतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग होतो, बहुतेकींचा आपोआप जातो, काहींचा राहतो, मग पेशी बदलतात, मग कितीतरी वर्षांनी कॅन्सर. मधल्या काळात सापडलं तर गार किंवा गरम करून तेवढी जागा काढून टाकता येते, बाई त्याच दिवशी घरी जाते. तरी देशात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका जातात. आणि कसं थांबवायचं हे जगाला कुठे कळलं? तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात! उस्मानाबादमध्ये, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत एकदाच, फक्त एकदा, एचपीव्ही तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू न तपासलेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले, ३४ विरुद्ध ६४. २००९ मध्ये तो अभ्यास जगभर गाजला. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला दिली तेव्हा आपल्याच बायकांनी दिलेली माहिती कामाला आली. आणि त्या बायकांच्या लेकी-सुनांना ती तपासणी मिळते का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोनही नव्हत्या ज्यांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. पैसा नाही हे मी अर्धंच मान्य करते. व्हिनेगर लावून बघायची तपासणी आहे, व्हीआयए म्हणतात, मिनिटभरात पांढरं होतं की नाही दिसतं, नर्सबाई करू शकतात. टेबल, दिवा, पडदा आणि शिकलेली एक बाई एवढंच लागतं. आणि काही न करता नुसतं गावोगाव जाऊन लक्षणं समजावून सांगितली तरी फरक पडतो, बार्शी भागात १९८७ पासून खेड्यापाड्यातली कॅन्सर नोंदणी चालते, तिथे हे दिसलंय, बायका लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या.

आता आईचं. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला स्त्रीरोग विभागात न्या, "पाळी गेल्यावर रक्त जातंय, आतून तपासून बायोप्सी करा" या शब्दांत सांगा. पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि आतल्या अस्तराची, दोन्ही. कॅन्सर निघाला तर बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. टप्पा पुढचा निघाला तरी "आता काही उपयोग नाही" हे कुणाचं ऐकू नका, टाटामध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत केमो घेतलेल्यांतल्या अर्ध्याहून जास्त जणी पाच वर्षांनी जिवंत होत्या. पण शेक पुरता झाला पाहिजे. बाहेरून शेक, मग आतून शेक, सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत. मधे दिवाळी आली, फड सुरू झाला, मुकादमाचा फोन आला म्हणून पंधरा दिवस खंड पडला तर फायदा घटतो. वडिलांना मुकादमाशी आत्ताच बोलून ठेवायला सांगा, कारण यंदा आईचा कोयता निघणार नाही अशी तयारी ठेवलेली बरी. तपासणीत काही निघालं नाही तर चांगलंच, जाईल कामाला.

प्रश्न: बायकोच्या छातीत लिंबाएवढी गाठ आहे. दुखत नाही. एक वैद्य लेप देतात, म्हणतात तीन महिन्यांत विरघळेल. थांबू का? (वाचक, नंदुरबार)

थांबू नका. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे, छातीचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. या आठवड्यात सर्जनला दाखवा, वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि बायोप्सी. साधी गाठ निघाली तर त्यानंतर लेप लावा नाहीतर नका लावू, माझी हरकत नाही. लेपामुळे कातडी भाजून फुटलेल्या गाठी घेऊन बायका येतात तेव्हा ऑपरेशनच्या आधी जखम सांभाळण्यातच वेळ जातो. आणि वहिनी मशेरी लावत असतील तर तीही सोडवा, तो तंबाखूच आहे.

प्रश्न: वडील ६२, चाळीस वर्षं बिडी. खोकल्यातून रक्त आलं, एक्स-रेमध्ये डाग दिसला, टीबीचं औषध सुरू केलं. चार महिने झाले, बेडक्यात टीबी कधी सापडला नव्हता. डाग मोठा झालाय. डॉक्टर म्हणतात कोर्स पुरा करा. (वाचक, यवतमाळ)

औषध स्वतःहून बंद करू नका, पण उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा. बेडक्याची टीबीसाठीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी निगेटिव्ह असेल, दोन महिने औषध घेऊन डाग कमी झाला नसेल, आणि माणूस बिडी ओढणारा असेल तर कॅन्सर आहे का हे दुर्बिणीने किंवा सुईने तुकडा घेऊन बघायलाच हवं. आपल्याकडे टीबी जास्त आहे म्हणून प्रत्येक डाग टीबीचा वाटतो, डॉक्टरांनाही, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे महिने त्यात निघून जातात. दोन्ही एकदम असू शकतात हेही लक्षात ठेवा. यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजला सोय आहे, तिथून गरज पडली तर नागपूर.

प्रश्न: भावाला घशाचा कॅन्सर निघालाय. सगळे म्हणतात टाटाशिवाय पर्याय नाही. दोन एकर आहे, एक विकायला काढलंय. (वाचक, जि. हिंगोली)

जमीन विकायच्या आधी रेशनकार्ड काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक यात बसतं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधी तिथे जा, बिल भरायला लागल्यावर नाही, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते आणि आधी भरलेले पैसे मागाहून मिळवणं फार कठीण जातं. योजनेतल्या हॉस्पिटलने वर रोख मागितली तर आरोग्यमित्राकडे तक्रार लिहून द्या. एक मात्र खरं, निदान होईपर्यंतच्या तपासण्या, जाणं-येणं, राहणं, बुडालेली मजुरी, हे बरंचसं खिशातूनच जातं, आणि खेड्यातली माणसं तिथेच मोडतात.

टाटा चांगलंच आहे, १९४१ पासून ते देशभराच्या पेशंटना सांभाळतंय. पण शेक आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे घ्यायचा असतो. परळला राहायची जागा मिळेपर्यंत, तारीख लागेपर्यंत किती दिवस जातील याचा विचार करा. तोच शेक नांदेड, संभाजीनगर, बार्शी, नागपूर यातल्या जवळच्या ठिकाणी लवकर सुरू होत असेल तर तिथे घ्यावा, तिथे कोणती मशीन चालू आहे आणि तारीख कधीची हे फोन करून विचारा. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशातली शेकडो हॉस्पिटलं त्यात आहेत, उपचाराच्या पद्धती सगळीकडे एकसारख्या असाव्यात हाच त्याचा हेतू. हवं तर रिपोर्ट, स्लाईड आणि बायोप्सीचा तुकडा ज्यात ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक घेऊन टाटाचं मत एकदा घ्या आणि उपचार जवळ घ्या. तो ब्लॉक जपून ठेवा, हरवला तर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. जवळ की लांब हे शेवटी आजाराच्या टप्प्यावर ठरेल, ते तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना समोर बसून विचारा.

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची (एचपीव्हीची) लस द्यावी का? पुढे मूल होत नाही असं ऐकलंय. (वाचक, सोलापूर)

द्यावी. मूल न होण्याशी लसीचा काही संबंध नाही, ही अफवा आहे. ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना या वयाला एक डोसही पुरेसा मानते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आपल्याच इथली आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि सरकारी मोहिमेत फुकट मिळते का ते आशाताईंना विचारा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

प्रश्न: वडिलांना शेवटचा टप्पा सांगितलाय. रात्रभर कण्हतात. मॉर्फिनला डॉक्टर नाही म्हणतात, सवय लागेल म्हणून. (वाचक, कोल्हापूर)

शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला व्यसन लागेल म्हणून दुखत ठेवणं मला मान्य नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी ठरलेल्या वेळेला दिली तर माणूस झोपतो, बोलतो, दोन घास खातो. औषध महाग नाही. २०१४ मध्ये कायदाही बदलला, मान्यता असलेल्या दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं, तरी भीती आणि कागदपत्रांचा कंटाळा यामुळे डॉक्टर लिहून देत नाहीत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (दुखणं आणि त्रास कमी करायच्या उपचारांची) खोली आहे का विचारा, नसेल तर जिथे कॅन्सरचे उपचार झाले तिथे विचारा. डोस डॉक्टरच ठरवतील, सोबत पोट साफ व्हायचं औषध मागून घ्या, कारण मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठ होतं. आणि हे या आठवड्यात करा.

प्रश्न: मी आशा आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरते, पण बायका आतून तपासायला तयार होत नाहीत. म्हणतात, मला काय झालंय. आणि ज्या तयार होतात त्यांना घेऊन गेले की कधी डॉक्टर नसतात, कधी सामान नसतं. दुसऱ्यांदा त्या येत नाहीत. (आशा कार्यकर्ती, धाराशिव)

तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण वरच्या बहुतेक पत्रांतले महिने तुमच्या हातात वाचू शकतात.

तुमच्या कामाची किंमत किती हे मुंबईच्या वस्त्यांमध्ये सिद्ध झालंय. टाटाच्या लोकांनी तिथे दहावी शिकलेल्या बायकांना महिनाभर शिकवलं, त्यांनी दर दोन वर्षांनी वस्तीतल्या बायकांची व्हिनेगरची तपासणी केली आणि हाताने छाती तपासली. दीड लाख बायकांच्या त्या अभ्यासात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. छातीच्या कॅन्सरमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मशीन नव्हती, हात होते.

बायकांना "कॅन्सरची तपासणी" म्हणू नका, घाबरून दार लावतात. पांढरं जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, कंबर दुखते का, इथून सुरू करा, यातलं काहीतरी जवळजवळ प्रत्येकीला असतं आणि कुणी विचारलेलं नसतं. सासूला आधी न्या. सासू जाऊन आली आणि दुखलं नाही म्हणाली की सून येते. तपासणाऱ्या बाईच असतील हे आधी सांगा आणि तसंच असेल याची खात्री करून घ्या. चार-पाच जणींना एकत्र न्या, एकटीला नको.

आणि न्यायच्या आदल्या दिवशी केंद्रात फोन करा: सिस्टर आहेत का, ऍसिटिक ऍसिड आहे का, स्पेक्युलम उकळलेले आहेत का. नसेल तर बायकांची मजुरी बुडवू नका, दिवस बदला. सामान नाही म्हणून परत यावं लागलं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा, तारीख घालून, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या गटप्रवर्तकांची सही घ्या त्यावर.

ज्यांची तपासणी पॉझिटिव्ह येते त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांना सांगा. मग ती वरच्या दवाखान्यात गेली का, बायोप्सी झाली का, रिपोर्ट हातात आला का, उपचार सुरू झाले का, या चार रकान्यांत टिक येईपर्यंत ते पान मिटवू नका. रिपोर्ट यायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून चौकशी करायला लावा, आणि ती ऊसतोडीला निघून गेली असेल तर कोणत्या कारखान्यावर गेलीय आणि मुकादमाचा फोन नंबर काय ते त्याच पानावर लिहून ठेवा.